ऑटिस्टिक कर्मचाऱ्याने ऑफिसात सोयी कशा मागाव्यात

साहेबांशी बोलण्याआधी आठवडाभर नोंदी ठेवा. कोणतं काम अडलं, किती वाजता, तेव्हा आजूबाजूला काय चालू होतं, एवढंच लिहायचं. ‘मला गोंगाट सहन होत नाही’ म्हटलं की ‘सगळ्यांनाच होत नाही’ असं उत्तर मिळतं. ‘तीननंतर शेजारच्या टीमचे कॉल स्पीकरवर चालतात आणि तेव्हा माझ्या तपासणीत आकडे सुटतात’ यावर मात्र काहीतरी करता येतं.

नोंदींतून दोन-तीनच मागण्या निवडा. दहा मागण्यांची यादी गेली की त्यातली सर्वात स्वस्त मान्य होते आणि विषय तिथेच संपतो. मागणी मेलवर करा, आणि प्रत्येक अडचणीला दोन पर्याय द्या. उदाहरणार्थ:

‘दुपारी 3 ते 4.30 या वेळेत बिलांची तपासणी करताना आवाजामुळे चुका होतात. माझी जागा खिडकीकडच्या कोपऱ्यात हलवावी किंवा या वेळेत हेडफोन लावण्याची परवानगी द्यावी. सहा आठवडे करून पाहू आणि मग आढावा घेऊ. 15 तारखेपर्यंत कळवावे.’

कोपरा कुठला, हेही आधी पाहून ठेवा. ‘शांत जागा’ म्हणून पँट्रीच्या दाराशेजारचं टेबल मिळालं तर त्रास वाढतोच. आणि एकच सोय मागायची असेल तर ही मागा: तोंडी सांगितलेलं काम त्याच दिवशी मेलवर दोन ओळींत यावं. काय करायचं, कधीपर्यंत, आधी कोणतं. खर्च शून्य, आणि गैरसमजातून होणारी बोलणी बरीच टळतात.

ऑटिझमचं निदान कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवा. सहसा एचआर आणि थेट वरिष्ठ पुरेसे असतात; ‘इतरांना सांगू नये’ असं मेलमध्येच लिहा. निदान न सांगताही लहान सोयी मागता येतात, पण मग कायद्याचा आधार घेणं अवघड जातं.

हा आधार भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ऑटिझमचा समावेश आहे, आणि रास्त सोय नाकारणं हा त्यात भेदभावच मानला आहे. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून त्यासाठी संपर्क अधिकारी नेमायचा असतो. धोरण मागून घ्या, त्यातला शब्द मेलमध्ये वापरा. ‘40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, मग सोय कशी देणार?’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे: ती अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. रास्त सोयीसाठी ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात स्पष्ट केलं. तरीही मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र जोडा. त्यात निदानाच्या नावापेक्षा कोणती सोय का लागते, हे यायला हवं.

बैठकीत तोंडी होकार मिळाला की त्याच संध्याकाळी ‘आज असं ठरलं’ असा मेल टाका. वरिष्ठ बदलले की तोंडी सोय बहुतेक वेळा बंद पडते, आणि मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

नकार आला तर कारण लेखी मागा. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. महाराष्ट्रातल्या खाजगी कंपनीविरुद्ध पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. तिथे मूळ मेल, डॉक्टरांचं पत्र, नकाराचं उत्तर आणि नोंदींची वही, सगळं तारखेप्रमाणे लावून द्या.