तापलेली घसरगुंडी आणि ओला पंचा

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो आणि गावच्या बागेतील पत्र्याची घसरगुंडी सायंकाळी ५ वाजताही चड्डीतल्या मुलाच्या मांड्यांना चटका देण्याइतकी तापलेली असते. घरून निघताना पिशवीत एक जुना पंचा आणि पाण्याची जादा बाटली ठेवावी. पंचा भिजवून पत्रा वरपासून खालपर्यंत दोनदा पुसावा, तो वाळू द्यावा आणि मग पालथा हात ५ सेकंद टेकवून पाहावा; हात काढून घ्यावासा वाटला, तर पुन्हा पुसावे. झोपाळ्याच्या साखळ्याही याच रीतीने पाहाव्यात, त्या हमखास विसरल्या जातात.

लहान मुलाला मांडीवर घेऊन मात्र घसरू नये, कारण त्याचा बूट कडेला अडकल्यास मोठ्या माणसाच्या वजनाने नडगीचे हाड मोडू शकते.