कमोडोर ६४ चे सोळा रंग जुळवायला बसण्याआधी

जुन्या कमोडोर ६४ चे रंग आजच्या मॉनिटरवर, एमुलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हुबेहूब आणायचे असतील तर आधी ठरवा, जुळवायचा आहे तो नेमका कोणता कमोडोर ६४. १९८२ साली आलेल्या या संगणकाचे रंग व्हिक-टू नावाची चिप तयार करते. पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन वेगळ्या रंगपद्धती; पाल देशांसाठीच्या चिपचा क्रमांक ६५६९, एनटीएससीसाठी ६५६७, आणि नंतरच्या पाल यंत्रांत ८५६५. अगदी सुरुवातीच्या चिपमध्ये उजळपणाच्या पाचच पायऱ्या होत्या, पुढे त्या नऊ झाल्या. म्हणून खरं यंत्र हाताशी असेल तर ते उघडून चिपवरचा क्रमांक वहीत टिपून ठेवा.

या रंगांचे ‘खरे आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आकडे’ मात्र शोधत बसू नका. तसे आकडे चिपमध्ये नाहीतच. ती उजळपणाचा एक सिग्नल आणि रंगाचा दुसरा सिग्नल पाठवते, त्यातून लाल-हिरवा-निळा करतो तो टीव्ही. त्यामुळे संदर्भाला जुना काचेच्या नळीचा टीव्ही किंवा मॉनिटर मिळवाच. यंत्राला आठ पिनांचं सॉकेट असेल तर दोन्ही सिग्नल वेगवेगळे घ्या, चित्र स्वच्छ येतं. टीव्ही अर्धा तास तापू द्या. नव्या मॉनिटरवरचा नाइट मोड आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस बंद करा, एसआरजीबी (मॉनिटरच्या रंगांचं ठरलेलं प्रमाण) मोड लावा.

सुरुवातीला ‘पेप्टो’ किंवा ‘कोलोडोर’ पॅलेट, म्हणजे सोळा रंगांचा तयार संच, घ्या. दोन्ही पॅलेट सिग्नलच्या गणितावरून काढलेली आहेत, फोटोवरून नाहीत. माझी पसंती कोलोडोरला. व्हाइस एमुलेटरची पॅलेट फाइल साधी मजकुराची असते, मूळ प्रत बाजूला ठेवून मगच ती बदला.

जुळवणी उजळपणापासून करायची. दोन्ही पडद्यांवर सोळा रंगांचे पट्टे लावा आणि रंगाची सेटिंग शून्यावर आणा, म्हणजे चित्र कृष्णधवल होईल. नऊ पायऱ्यांच्या चिपवर निळा आणि तपकिरी एकाच करड्या रंगाचे दिसले पाहिजेत, तसेच लाल आणि गडद करडा, जांभळा आणि नारिंगी, पिवळा आणि फिकट हिरवा. इथे चूक राहिली तर पुढची मेहनत वाया जाते. मग छटा, आणि सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) सगळ्यात शेवटी. एकटाच रंग हाताने सुधारण्याचा मोह टाळा: लाल-फिकट लाल, हिरवा-फिकट हिरवा, निळा-फिकट निळा या जोड्यांची छटा एकच आहे, एकाला ओढलं की जोडी तुटते.

तपासायला तीन चित्रं हाताशी असू द्या: निळ्यावर फिकट निळ्या अक्षरांचा सुरुवातीचा पडदा, सोळा पट्टे, आणि एकाआड एक निळ्या-तपकिरी आडव्या ओळी. पाल टीव्ही शेजारच्या ओळींचे रंग एकमेकांत मिसळतो, म्हणून तिसऱ्या चित्रात तिथे मधलाच रंग दिसतो. एमुलेटरमध्ये सुट्या ओळी दिसत असतील तर पॅलेटला हात लावू नका, आधी पाल फिल्टर (टीव्हीसारखी ही मिसळ करणारी सोय) चालू करा.