जुन्या इंग्रजीतून इटालियन कथा वाचताना आणि मराठीत आणताना

इटालियन लेखक बोक्काच्चोची 'देकामेरॉन', म्हणजे दहा जणांनी दहा दिवसांत सांगितलेल्या शंभर कथा, जुन्या इंग्रजी भाषांतरांत इंटरनेटवर फुकट मिळते, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पहिल्या पानावरच 'व्हेनॅज', 'ऑलगेट्स', 'नेदलेस' असे शब्द आडवे येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चौदाव्या शतकातलं पुस्तक आहे, भाषा जुनी असणारच. इथेच गफलत होते. बोक्काच्चोने १३४८ च्या प्लेगनंतर हे पुस्तक लिहिलं ते फ्लोरेन्समधल्या तेव्हाच्या जिवंत बोलीत. त्याच्या वाचकांना त्यात जुनाट असं काही वाटत नव्हतं. जुनाटपणा भाषांतरकाराचा आहे. तो कोणत्या काळचा आणि कशासाठी आणलेला, हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

म्हणून पहिलं काम म्हणजे पुस्तकाचं वर्ष पाहणं. स्कॅन केलेल्या प्रतीवर छपाईचं वर्ष असतं, पण ते पुनर्मुद्रणाचं असू शकतं. भाषांतर कधी झालं ते प्रस्तावनेत शोधावं. इंग्रजीतला पहिला संपूर्ण म्हणावा असा 'देकामेरॉन' १६२० चा. त्यावर भाषांतरकाराचं नाव नाही, जॉन फ्लोरिओचं असावं असं मानतात. त्याआधी १५६६ आणि १५६७ मध्ये विल्यम पेंटरने दोन खंडांत इटालियन-फ्रेंच कथांचा मोठा संग्रह काढला होता. ही खरी जुनी भाषा, त्या माणसांची रोजची. जॉन पेनचं भाषांतर मात्र १८८६ चं. पेन रेल्वे आणि तारायंत्राच्या काळात राहत होता आणि मुद्दाम तीनशे-चारशे वर्षं मागची भाषा लिहीत होता. इंग्रजीत अशा भाषेला 'वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश' म्हणून हिणवायचे, कारण लंडनच्या त्या रस्त्यावर नकली जुनं फर्निचर विकलं जायचं.

वर्ष सापडत नसेल तर भाषाच साक्ष देते. अस्सल जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला 'यू'च्या जागी 'व्ही' आणि मध्ये 'व्ही'च्या जागी 'यू' असतो. 'जे'चं काम 'आय' करतो. आणि 'एस' लांब असतो, जवळजवळ 'एफ'सारखा. हा लांब 'एस' १८०० च्या आसपास छपाईतून गेला. मजकुराचं स्पेलिंग आधुनिक केलं असेल तर 'इट्स' शोधा. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या मूळ छपाईत हा शब्द नाही. निर्जीव वस्तूलाही 'हिज' किंवा 'देअरऑफ' लावायचे. एका वाक्यात चौसरच्या काळचा 'ऑलगेट्स' आणि शेजारी बिनधास्त 'इट्स' दिसला, तर तो एकोणिसाव्या शतकातला नकली माल समजावा. नकली म्हणजे टाकाऊ नव्हे. पेन मूळ इटालियनच्या अगदी जवळ राहतो, अर्थ तपासायला तो १६२० च्या भाषांतरापेक्षा भरवशाचा.

स्कॅनमध्ये एक वेगळंच दुखणं असतं. यंत्राने लांब 'एस'चा 'एफ' वाचलेला असतो, त्यामुळे 'सच' शोधायला जावं तर मजकुरात 'फच' छापलेलं. शोध घेताना दोन्ही रूपं टाकून पाहावीत, आणि शंका आली तर मजकुराची फाइल सोडून पानाचं चित्र पाहावं.

आता शब्द. अनोळखी शब्दांची भीती बाळगायचं कारण नाही. ते कोशात सापडतात. 'हाइट' म्हणजे नाव असणं, 'व्हाइलम' म्हणजे पूर्वी, 'व्हेनॅज' म्हणजे जेव्हा, 'नेदलेस' म्हणजे तरीही, 'टु विट' म्हणजे अर्थात, 'ऑलगेट्स' म्हणजे काही झालं तरी. घात करतात ते ओळखीचे शब्द. 'प्रेझेंटली' म्हणजे सध्या नव्हे, ताबडतोब. 'बाय अँड बाय' हेसुद्धा ताबडतोबच. 'फॉन्ड' म्हणजे मूर्ख, 'सिली' म्हणजे बिचारा किंवा भोळा, 'नॉटी' म्हणजे खट्याळ नव्हे तर दुष्ट. 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. उपासाच्या दिवशी मठातला भिक्षू 'मीट' खातो म्हणून दचकू नये. 'लेट' म्हणजे अडवणं, म्हणजे आजच्या अर्थाच्या नेमकं उलट. 'वॉन्ट' म्हणजे उणीव असणं, 'डिस्कव्हर' म्हणजे उघड करून सांगणं, 'ॲडमायर' म्हणजे नवल वाटणं. 'लीच' हा वैद्य, जळू नव्हे. 'कझिन' कुठलाही नातलग. 'मेक लव्ह' म्हणजे प्रेमाची आर्जवं करणं, बोलण्यापुरतं. 'ऑर' कधीकधी 'पूर्वी' या अर्थाने येतो, 'अ‍ॅन' हा 'जर' असतो, आणि 'सोअर'चा दुखण्याशी संबंध नसून 'फार' हा अर्थ असतो.

'ऑनेस्ट' आणि 'जेंटल' यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं, कारण ते इटालियन 'ओनेस्तो' आणि 'जेंतीले' यांच्या मागे चालतात. 'ऑनेस्ट' बाई म्हणजे खरं बोलणारी नव्हे, शीलवती किंवा अब्रूदार. 'जेंटल' म्हणजे मवाळ नव्हे, कुलीन. पोर्तुगीज येणारं कुणी घरात असेल तर 'ओनेश्तु' आणि 'जेंतील' हे शब्द विचारून घ्यावेत, अर्थाची दिशा लगेच कळते. गोव्यातल्या वाचकाला हा एक मोठा आधार आहे. पणजीला पाट्टोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं, तिथे पोर्तुगीज पुस्तकांचा जुना साठा आहे. इटालियन कोश हाताशी नसला तरी पोर्तुगीज कोशावर बरंच निभावतं. अर्थात हा आधार अर्थासाठी, उच्चारासाठी नव्हे. त्याकडे पुढे येऊ.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'गॉसिप'. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'देवाच्या नात्यातला सोयरा' अशा अर्थाचा आहे. बाप्तिस्म्यामुळे मुलाचे आईबाप आणि धर्म-आईबाप यांच्यात जे नातं जुळतं, ते. इटालियनमध्ये 'कोंपारे' आणि 'कोमारे'. मराठीत याला शब्द नाही, 'मानलेला भाऊ' म्हटलं की सगळं बिघडतं. गोव्यात मात्र पोर्तुगीज 'कॉम्पाद्रे' आणि 'कॉमाद्रे' तंतोतंत हेच सांगतात. सातव्या दिवसाच्या तिसऱ्या आणि दहाव्या कथेचा सगळा डोलारा या नात्यावर उभा आहे: चर्चच्या नियमाने हे नातं रक्ताच्या नात्यासारखं, त्यामुळे कोमारेशी संबंध हे मोठं पाप, आणि विनोद त्याच पापाच्या भीतीवर चालतो. 'गॉसिप'चं 'चुगलखोर' केलं तर दोन्ही कथा कळेनाशा होतात.

'दाऊ' आणि 'यू' यांचंही तसंच. आजचा इंग्रजी वाचक 'दाऊ' फक्त प्रार्थनेत ऐकतो, म्हणून त्याला तो आदरार्थी वाटतो. आपल्याला हा घोटाळा व्हायला नको. 'दाऊ' म्हणजे 'तू', 'यी' आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही'. देवाला आपणही तूच म्हणतो. मूळ इटालियनमध्ये 'तू' आणि 'वोइ' असे दोनच पर्याय होते. मात्र थेट बदली करण्याआधी कथेतल्या प्रत्येक जोडीसाठी वहीत एक ओळ आखावी: कोण कोणाला काय म्हणतं, आणि ते कुठल्या पानावर बदलतं. नवरा बायकोला 'यू' म्हणता म्हणता एकदम 'दाऊ'वर आला, तर तिथे राग आहे किंवा लाड आहे. मराठीत तो बदल जसाच्या तसा उतरतो. पण मूळ इटालियनशी एकदा ताडून पाहावं, कारण भाषांतरकार नेहमी प्रामाणिक असतोच असं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इटालियन संहिता आणि रिगचं १९०३ चं इंग्रजी भाषांतर दोन्ही आहेत. क्रियापदाच्या शेवटी 'एस्ट' आलं तर ते 'दाऊ'चं, 'एथ' आलं तर 'तो' किंवा 'ती'चं; इतकं व्याकरण पुरतं.

काही जुने शब्द भाषांतरकाराचे नसून कथेच्या जगातले असतात. ते झटकून टाकता येत नाहीत. फ्लोरिन हे फ्लोरेन्सचं १२५२ पासूनचं सोन्याचं नाणं, सुमारे साडेतीन ग्रॅमचं. त्याचे रुपये करू नयेत. 'पोदेस्ता' हा बाहेरगावाहून ठरावीक मुदतीसाठी आणलेला मुख्य दंडाधिकारी. 'कोतवाल' त्याच्या मानाने फार खालचा, आणि गोव्यातला रेजिदोर, म्हणजे गावपातळीवरचा अधिकारी, तर त्याहून खालचा. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात ओळख करून द्यावी आणि पुढे 'पोदेस्ता'च ठेवावं. 'एल' हे माप दिसलं तर थांबा. इंग्रजी एल ४५ इंचांचा, म्हणजे सुमारे ११४ सेंटिमीटर. फ्लोरेन्सचा 'ब्राच्चो' सुमारे ५८ सेंटिमीटर. मुळात ब्राच्चो आणि इंग्रजीत एल असेल, तर कापड आपोआप दुप्पट होतं. मराठीत 'हात' घातला तर बराच जवळ जातो, गज नको.

वेळा चर्चच्या घंटेवर चालतात. 'प्राइम' सूर्योदयाला, 'टिअर्स' सकाळी नऊच्या सुमारास, 'नोन' दुपारी तीनच्या सुमारास, 'व्हेस्पर्स' संध्याकाळी. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळचं वेस्पर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शेवटचा शब्द परका नाही. दिवसाच्या उजेडाचे बारा भाग करायचे, म्हणून उन्हाळ्यात तास लांब आणि हिवाळ्यात आखूड. त्यामुळे 'तीन वाजता' असं घड्याळी नेमकेपण देण्यापेक्षा 'उन्हं कलली तेव्हा' बरं. 'नोन' हा शब्द 'कोणी नाही' या अर्थाच्या शब्दासारखाच छापलेला असतो, तेव्हा डोळे उघडे ठेवावेत.

आता हे सगळं एकत्र करून पाहू. पेनच्या धाटणीचं, पण इथे उदाहरणासाठी रचलेलं वाक्य घ्या: 'व्हेनॅज द लेडी हर्ड दिस, शी वॉज सोअर अफीअर्ड, अँड प्रेझेंटली सेंट हर मेड टु हर गॉसिप, प्रेइंग हिम कम ऑर नोन.' घाईने केलं तर मराठीत दुखणाईत बाई, चुगलखोर मित्र आणि कुणाचाच पत्ता नाही असं काहीतरी निघतं. नीट केलं तर: 'हे ऐकून बाई पार घाबरली. तिने लगेच मोलकरणीला आपल्या कॉम्पाद्रेकडे पिटाळलं आणि उन्हं कलायच्या आत या म्हणून विनवलं.'

वाक्यं मात्र खरोखर लांब आहेत, आणि ही लांबी बोक्काच्चोचीच. तो लॅटिनच्या वळणाने क्रियापद शेवटी नेतो आणि पेनही त्याच्या मागे जातो. इंग्रजांना ते अवघड जातं, आपल्याला नाही. पेन्सिलने आधी मुख्य क्रियापदाखाली रेघ मारावी, मग 'हू', 'व्हेनॅज', 'फॉर दॅट' यांच्याआधी तिरपी रेघ. 'फॉर दॅट' म्हणजे 'कारण'. मराठीत उतरवताना 'जो... तो'च्या साखळ्या टाळून 'ऐकून', 'उठून', 'जाऊन' वापरावं. एका वाक्यात तीनपेक्षा जास्त 'ऊन' नकोत, आणि तिन्हींचा कर्ता मुख्य क्रियापदाचाच हवा. 'नवरा येऊन ती लपली' असं वाक्य याच चुकीतून जन्मतं.

मग मराठी जुनी करावी का? मोह होतो, आणि गोव्यात तो जास्तच होतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, म्हणजे इंग्रजी 'देकामेरॉन'च्या फक्त चार वर्षं आधी. जोडी जुळवायचा मोह समजण्यासारखा आहे. पण आज 'जाहला', 'करोन' लिहिणं म्हणजे पेनने केलं तेच करणं, तेही दुसऱ्याच्या सावलीवरून. कथा सांगणारे दहा जण, सात तरुणी आणि तीन तरुण, सुखवस्तू घरचे आहेत. सांगणं साधं पण अदबशीर ठेवलं, की भाषा आपोआप जागेवर बसते.

गाळलेल्या जागाही पाहायला हव्यात. १६२० च्या भाषांतरात तिसऱ्या दिवसाची दहावी कथा काढून तिथे भलतीच कथा घातलेली आहे. रिगने त्याच कथेतला नाजूक भाग इंग्रजीत न आणता इटालियनमध्येच ठेवला. प्रतीत शंभर कथा भरतात एवढ्यावर समाधान मानू नये. ही एक कथा उघडून पाहावी. अडलेल्या अर्थासाठी मॅकविल्यमचं १९७२ चं पेंग्विनचं भाषांतर ताडायला घ्यावं, पण वाक्यं त्यातून उचलू नयेत, त्यावर हक्क आहेत. पेन १९१६ मध्ये वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्याच्यावरून भाषांतर करून छापायला अडचण नाही. बोक्काच्चोऐवजी नेपल्सचा लेखक बाझीले याच्या पन्नास कथा करायच्या असतील तर टेलरचं १८४८ चं भाषांतर निवडक आणि सोवळं, बर्टनचं १८९३ चं सगळं सांगणारं पण शब्दांनी लदलेलं. हा बर्टन १८४७ मध्ये आजारपणाच्या रजेवर गोव्यात येऊन गेला होता.

शेवटी नावं, कारण ती चुकली की पानोपानी चुकतात. इटालियनमध्ये 'ई' आणि 'आय' आधीचा 'सी' म्हणजे 'च', आणि 'सीएच' म्हणजे 'क'. पोर्तुगीजमध्ये 'सीएच'चा 'श' होतो, रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत 'च'. म्हणून गोव्याच्या डोळ्याला दोन्हीकडून चकवा. सहाव्या दिवसाच्या चौथ्या कथेतला क्रौंचाची तंगडी देऊन टाकणारा स्वयंपाकी चिचिबिओ नाही आणि शिशिबिओही नाही. तो किकिबीओ.