पाळीव टॅरँटुलाचे खाणे आणि मागे उरणारा चोथा : बेळगाव-खानापूर भागातील पाळणाऱ्यांसाठी

टॅरँटुला हा मोठा, केसाळ कोळी शिकार चावून गिळत नाही. विषदंतांनी ती पकडल्यावर तो तिच्यावर पाचक रस सोडतो, जबड्यांनी तिला कुटतो आणि विरघळलेला मऊ भाग तेवढा शोषून घेतो. उसाचे कांडे चावून रस घेतल्यावर चोथा उरावा, तसा खाणे संपल्यावर कवच, पंख आणि पाय यांचा एक लहान, काळपट गोळा उरतो, ज्याला पाळणारे ‘बोलस’ म्हणतात. हा गोळा तो बहुधा कोपऱ्यात किंवा थेट पाण्याच्या वाटीत टाकतो. माझ्या मते टॅरँटुलाला काय खायला घातले याइतकेच हा गोळा वेळेवर उचलला की नाही याला महत्त्व आहे, आणि आपल्या भागात तर ते अधिकच आहे.

जून ते सप्टेंबर या काळात बेळगाव शहरातही हवा दमट असते. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तर भिंतींनाही ओल येते. अशा हवेत ओल्या चोथ्यावर लवकर बुरशी धरते, सूक्ष्म कोळकिडे वाढतात आणि बारीक माश्या अंडी घालतात. म्हणून खाणे झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो लांब चिमट्याने उचलावा. कोळी अजून तो धरून बसला असेल, तर ओढून घेऊ नये. मोठी शिकार संपवायला त्याला बरेच तास लागतात. वाटीत पडलेला असेल तर वाटी धुऊन ताजे पाणी भरावे. पावसाळ्यात डब्याला दोन्ही बाजूंनी हवेची छिद्रे असावीत आणि तळाशी पसरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण भिजवण्याऐवजी केवळ एक कोपरा ओलसर ठेवावा. चोथ्याच्या वासाने मुंग्या येतात आणि कात टाकत असलेल्या कोळ्याला त्या मारूही शकतात. म्हणून डबा ठेवलेल्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे उत्तम. डब्याजवळ मुंग्यांचे औषध मात्र मुळीच फवारू नये, कारण कीटकांना मारणारे औषध कोळ्यालाही मारते.

याच कारणासाठी शिवारातून पकडलेले नाकतोडे किंवा घरातली झुरळे खायला घालू नयेत. निपाणी-चिकोडीकडील तंबाखू, ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांत फवारणी होत असते, आणि कोणत्या किड्याच्या अंगात काय गेले आहे हे बाहेरून कळत नाही. विकत मिळणारे रातकिडे, डुबिया झुरळे किंवा मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) आणावेत. मीलवर्म गव्हाच्या कोंड्यात, ओलाव्यासाठी गाजराचा तुकडा टाकून, घरीही सहज वाढवता येतात. ते मातीत शिरून दडतात, म्हणून देण्यापूर्वी त्यांचे डोके चिमट्याने दाबावे. तंबाखू हाताळलेला हात धुतल्याशिवाय डब्यात घालू नये, कारण निकोटीन हे स्वतःच कीटकनाशक आहे.

शिकारीचा आकार कोळ्याच्या पोटाच्या आकारापेक्षा मोठा नसावा. पिल्लांना आठवड्यातून एक-दोनदा आणि प्रौढांना आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदा खाणे पुरते. पोट फार फुगले तर अंतर वाढवावे, कारण पोट जड झालेला कोळी थोड्या उंचीवरून पडला तरी ते फुटू शकते.

चोथ्याकडे नीट पाहण्याची सवय लावून घ्यावी. घट्ट, कोरडा गोळा म्हणजे कोळ्याने नीट खाल्ले. शिकार मारूनही जवळजवळ अख्खी टाकून दिली असेल, तर पाणी संपले आहे का, विषदंताला इजा आहे का, की कात टाकण्याची वेळ आली आहे, हे तपासावे. डब्याच्या काचेवर दिसणारे पांढरे डाग ही त्याची विष्ठा असते; तिचा चोथ्याशी गोंधळ होऊ नये.

कात टाकण्यापूर्वी तो अन्न नाकारतो आणि त्याचे पोट गडद दिसू लागते. अशा वेळी न खाल्लेली जिवंत शिकार चोवीस तासांत बाहेर काढावी, कारण नुकतीच कात टाकलेल्या मऊ अंगाला रातकिडा कुरतडतो. उताणा पडलेला कोळी बहुतेकदा मेलेला नसतो, कात टाकत असतो. त्याला हलवू नये. पांढरे दिसणारे विषदंत लालसर होऊन पूर्ण काळे होईपर्यंत, म्हणजे पिल्लांच्या बाबतीत साधारण आठवडाभर आणि प्रौढांच्या बाबतीत दोन आठवडे, फक्त पाणी द्यावे. त्यानंतरची पहिली शिकार नेहमीपेक्षा लहान असावी.