मेजर म्युझिक नाही, तरी कॉलेजला रेकॉर्डिंग पाठवायचंय?

अमेरिकेत अंडरग्रॅडला (बारावीनंतरच्या डिग्रीला) अप्लाय करताना मेजर, म्हणजे मुख्य विषय, कॉम्प्युटर सायन्स असो की बायोलॉजी, बऱ्याच कॉलेजांना आपलं गाणं-वाजवणं पाठवता येतं, त्याला आर्ट्स सप्लिमेंट किंवा म्युझिक पोर्टफोलिओ म्हणतात. सगळीच कॉलेजं घेत नाहीत, म्हणून प्रत्येकाचं ॲडमिशनचं पान नीट वाचा. एमआयटीसारख्या ठिकाणी ते स्लाइडरूम या पोर्टफोलिओ घेणाऱ्या वेबसाइटवर अपलोड करावं लागतं. तारीखही वेगळी बघा, स्टॅनफर्डला पोर्टफोलिओची डेडलाइन मेन ॲप्लिकेशनच्या आधीच येते आणि तिथेच मुलं फसतात.

पाठवायचं की नाही हे मात्र प्रामाणिकपणे ठरवा. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा म्युझिक डिपार्टमेंटचे लोक ऐकतात, त्यांचा कान तयार असतो, त्यामुळे जेमतेम बरं वाजवलेलं पाठवून फायदा काहीच नाही. तुमच्या गुरूंना किंवा टीचरना सरळ विचारा, आणि ते जरा जरी घुटमळले तरी राहू द्या, कॉमन ॲपच्या (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) १० ॲक्टिव्हिटींमध्ये संगीत लिहिलं तरी ते वाचलं जातंच.

पीस निवडताना सगळ्यात अवघड तो घेऊ नका, जो सुरात आणि लयीत पक्का बसलाय तो घ्या. दोन घ्यायचे तर एक संथ, एक द्रुत. पहिला मिनिट दमदार हवा कारण पुढचं ऐकलं जाईलच याची खात्री नाही, म्हणून ख्याल गाणाऱ्यांनी लांबलचक आलाप न ठेवता लवकर बंदिशीवर यावं, आणि वर्णनात राग, ताल, कुठला भाग ठरलेला आणि कुठला उपजेचा, म्हणजे गाताना ऐनवेळी सुचलेला, हे दोन ओळीत लिहावं, ऐकणाऱ्याला आपलं संगीत माहीत असेलच असं नाही. तबला सोलो असेल तर लेहरा, म्हणजे साथीला फिरत राहणारी सुरावट, आवाजात मागे ठेवा, तबल्यावर चढू देऊ नका.

रेकॉर्डिंगला महागडा स्टुडिओ लागत नाही. पडदे, गालिचा असलेली शांत खोली घ्या, पंखा, एसी, फ्रिज बंद. माइक वाद्याला चिकटवू नका, दोन-तीन मीटर लांब ठेवून ट्राय करा, आणि फोन वापरत असाल तर आवाज आपोआप कमीजास्त करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर हळू आणि जोरात यातला फरकच मरतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवरची लेव्हल मोठ्यात मोठ्या आवाजाला उणे ६ डीबीच्या (डेसिबल) आसपास राहू द्या. पियानो असेल तर आधी ट्यून करून घ्या. अख्खा पीस एका दमात, मधे जोड नाही, ऑटोट्यून (सॉफ्टवेअरने सूर सुधारणं) नाही, रिव्हर्ब (वरून घातलेली गुंज) नाही. चार-पाच टेक घ्या आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने निवडा.

सोबत संगीताचा छोटा रेझ्युमे आणि कॉलेज घेत असेल तर टीचरचं पत्र जोडा. फाइलला नाव, वाद्य, पीस असं साधं नाव द्या. अपलोड झाल्यावर तिथलीच फाइल हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका, शेवट कापला गेला असेल तर तेव्हाच कळतं, आणि मगच सबमिट करा.