नाताळात पोरांच्या गिफ्टवर किती खर्च करायचा?

आधी आकडा ठरवा, मग पोरांची लिस्ट बघा. उलटं केलंत तर संपलं, कारण डिसेंबर लागला की लिस्ट रोज वाढते.

आकडा कसा काढायचा, तर पगारातून घरभाडं किंवा हप्ता, मेंटेनन्स आणि पुढची शाळेची फी बाजूला काढा, मग नाताळचे कपडे, केक, फराळ, वसईला किंवा जिथे गाव असेल तिथे जाणंयेणं हे धरा, आणि त्यानंतर जे उरेल त्यातलेच पैसे गिफ्टला. क्रेडिट कार्डवर किंवा ईएमआयवर खेळणं अजिबात घेऊ नका, मार्चपर्यंत हप्ते भरत बसाल आणि खेळणं तोपर्यंत पलंगाखाली गेलेलं असेल.

समजा ६,००० उरले. स्वतःच्या दोन पोरांना १,५०० प्रमाणे ३,०००, पाच भाचे-पुतण्यांना ३०० प्रमाणे १,५००, शाळेतल्या सीक्रेट सँटाला (चिठ्ठी काढून एकमेकांना गुपचूप गिफ्ट देतात ते) दोघांचे मिळून ४००, म्हणजे झाले ४,९००. उरलेले ११०० हातात ठेवा, रॅपिंग पेपर, खेळण्यात घालायचे सेल, ऐनवेळी कोणी पाहुणा पोराला घेऊन आला तर, त्यातच जातात ते. ६,००० नसतील, २,००० असतील तरी वाटणी अशीच करा, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

लहान भावंडांमध्ये नुसती किंमत सारखी असून भागत नाही, गिफ्टच्या पाकिटांची संख्या सारखी लागते. चार वर्षांच्या पोराला १,५०० म्हणजे काय ते कळत नाही, ताईला तीन मिळाली आणि मला एकच, एवढंच कळतं. बारा-तेरा वर्षांच्यांना मात्र रक्कम सरळ सांगून टाका, ती समजून घेतात.

सायकल, टॅब असलं महागडं काही देणार असाल तर ते आईबाबांकडून द्या, सँटाकडून नको. सँटाकडून छोटंच काहीतरी. बिल्डिंगमध्ये सगळ्यांची कमाई सारखी नसते ना, एकाला सँटाने सायकल आणली आणि खालच्या मजल्यावरच्या पोराला बॉल, तर त्या पोराने काय समजायचं? मला हे फार लागतं, म्हणून आवर्जून सांगतेय.

नातेवाइकांच्या ग्रुपवर डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाका, ‘यंदा पोरांना प्रत्येकी ३०० च्या आतच देऊया, चालेल ना सगळ्यांना?’ बहुतेकांना हायसंच वाटतं, पहिलं कोणी बोलत नाही इतकंच. एखाद्या आत्याला जास्त द्यायचंच असेल तर तिला सांगा, पोराच्या नावाने बँकेत टाक.

मुंबईत खरेदीला क्रॉफर्ड मार्केट आणि आजूबाजूच्या गल्ल्या बऱ्या, भाव करता येतो, पण रविवारची गर्दी नको, मधल्या वारी सकाळी जा आणि पोरांना नेऊ नका. पुस्तकं हवी असतील तर फ्लोरा फाउंटनजवळ फुटपाथवर जुनी चांगली मिळतात, ३०० मध्ये दोन-तीन सहज होतील.

पण स्वस्त म्हणून काहीही उचलू नका, खेळण्यावर आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. तीन वर्षांखालच्या पोराला सुटे बारीक पार्ट असलेलं काही नको, आणि बटण सेलचं (बटणासारखा चपटा गोल सेल) झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं तिथेच ठेवा, तो सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून जळते. चालणारं खेळणं दुकानातच चालवून बघा आणि बदलून देणार का ते पैसे देण्याआधी विचारा.