छाटणीआधी जुन्या ट्रॅक्टरच्या कूलिंगची तयारी

हे काम पोळ्याच्या आसपास उरकायचं, एवढं आधी पक्कं करा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की ट्रॅक्टर दोन दिवससुद्धा उभा ठेवता येत नाही. कळवण-सटाण्याच्या अर्ली, म्हणजे लवकर छाटणाऱ्या, बागवाल्यांनी तर त्याच्याही आधी हात घालावा. पाऊस उघडला की डावणी या द्राक्षाच्या बुरशी रोगावरची फवारणी मिळेल त्या चार तासांत मारावी लागते, आणि जुना ट्रॅक्टर नेमका तेव्हाच वाफा सोडतो. फवारणीचा ब्लोअर फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला, म्हणजे पीटीओला, मिनिटाला ५४० फेरे द्यायचे म्हणून इंजिन जोरात पळतं, पण ट्रॅक्टर ओळीतून माणसाच्या चालीनं सरकतो. समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर.

मोठा रेडिएटर घ्यायला मात्र लगेच धावू नका. आबांच्या ट्रॅक्टरला आम्ही आधी जाड कोअर, म्हणजे रेडिएटरची नळ्या-जाळीची चौकट, बसवला आणि तापमानाचा काटा पुन्हा लालमध्येच गेला, कारण फुंकत होतं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालची सीलपट्टी. ते पैसे आणि तो हंगाम आजही मला सलतो. म्हणून सकाळी गार इंजिनावर रेडिएटरची कॅप काढून ट्रॅक्टर सुरू करा आणि पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला थोडी हवा निघते, पण बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केट किंवा हेड बघायला हवं. ऑइलची पट्टी काढून ऑइल दुधाळ झालंय का बघा. सायलेन्सर काजळीनं तुंबलाय का आणि डिझेल पंपाचं टायमिंग बरोबर आहे का, हेही मिस्त्रीकडून तपासून घ्या. इंजिनच जास्त उष्णता काढत असेल तर रेडिएटर कितीही बदला, उपयोग नाही.

हे सगळं ठीक निघालं की रेडिएटरचं पाणी सोडा, तेही मापाच्या बादलीत. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलंय त्यापेक्षा बरंच कमी निघालं, तर एक तर आधीच पाणी कमी होतं, नाहीतर आत क्षार आणि गाळ बसलाय. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड. तांब्याच्या बंबात जी पांढरी पुटं धरतात तीच इंजिनाच्या जॅकेटमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या पोकळीत, धरतात, फक्त दिसत नाहीत. फवारणीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यातले क्षार, आपण मीटरनं बघतो, मग रेडिएटरमध्ये मात्र हौदाचं पाणी का ओतायचं? रेडिएटर क्लीनर डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ फिरवा आणि नंतर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. गाळ फार असेल तर रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडून नळ्या साफ करून घ्या.

बाहेरून पंख्याच्या बाजूनं पुढे पाणी मारा, म्हणजे अडकलेला पाला आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. फवारणीची गन लावू नका, जाळीची पानं आडवी होतात. वळणावर ट्रॅक्टर आपल्याच फवाऱ्यातून जातो, त्यामुळे मोरचूद-चुन्याचा थर पानांवर बसतो. तो भिजवून, मऊ ब्रशनं काढावा लागतो.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. आपल्याकडे ‘गरम होतोय ना, काढून टाक’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि मला तो अजिबात मान्य नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन धड तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, लायनर-रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहते आणि गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथेच फिरतं. जुना काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्यानं टांगा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या, बहुतेक ८०-८२ अंशांच्या आसपास तो उघडायला हवा. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवा घ्या.

वॉटर पंपाची पुली हातानं हलवून बघा. खुळखुळत असेल किंवा खालच्या भोकातून पाणी झिरपत असेल तर पंप किट घ्या. होज पाईप दोन्ही बदला. खालच्या पाईपात स्प्रिंग असेल तर ती नव्या पाईपातही घाला, नाहीतर पंपाच्या ओढीनं पाईप चपटा होतो. बेल्ट अंगठ्यानं दाबला की साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा.

खरा फरक पडतो पंख्याभोवतीच्या कव्हरनं, आणि जुन्या ट्रॅक्टरचं तेच हरवलेलं असतं. कव्हर नसलं की पंखा आजूबाजूची गरम हवाच घोळवत बसतो. पातं साधारण निम्मं कव्हरच्या आत राहील असं पत्र्याचं कव्हर बनवून घ्या. नाशिकच्या अंबड-सातपूरला पत्र्याचं काम करणारे मापावर करून देतात.

हे करूनही काटा चढत असेल, तरच कोअर. रेडिएटरच्या जुन्याच टाक्या ठेवून तांब्या-पितळेचा नवा कोअर घालता येतो, आणि उद्या गळला तर गावातही डाग देता येतो. नळ्यांच्या जास्त ओळींचा कोअर जाड असतो, म्हणून आधी पंखा आणि जाळीतलं अंतर टेपनं मोजा, नाहीतर पातं जाळीला लागेल.

कॅप स्वस्त म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथं उघडं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. दाब धरणारी कॅप हा उकळबिंदू दहा-बारा अंश वर नेते. पण पुस्तिकेतल्या दाबाचीच घ्या, जास्त दाबाची घेतली तर जुनी टाकी फाटते. गरम इंजिनावर कॅप उघडू नका आणि उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

भरायला कूलंट आणि बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी निम्मं-निम्मं. कूलंट गंजही थांबवतं, पण चवीला गोड आणि विषारी असतं. जुनं सोडलेलं पाणी गुरं-कुत्री पोचतील असं ओतू नका, कॅनही उंचावर ठेवा.

भरल्यावर कॅप न लावता इंजिन चालवा, वरचा पाईप गरम झाला की हवा निघून पातळी उतरते, तेवढी भरा. मग दुपारच्या उन्हात फवारणीची टाकी साध्या पाण्यानं भरून ब्लोअर तासभर चालवा आणि काट्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी, गार असताना, होज पाईपच्या सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा. टूल बॉक्समध्ये एक जादा बेल्ट, दोन क्लिपा, आणि सीटमागे तयार, म्हणजे पाणी मिसळलेल्या, कूलंटचा पाच लिटरचा कॅन.